बिनसावलीच्या दिवसाचे पाच खेळ

एका जंगलाच्या माथ्यावर एक सडा होता, आणि सड्याखालच्या उतारावर, करवंदीच्या जाळीत, एक साळू राहत असे. साळू म्हणजे मादी साळिंदर, अंगभर काटे असलेली. आणि सडा म्हणजे काय तेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर गोष्ट रंगात आली की तुमच्यातलंच कुणीतरी मध्ये तोंड घालील. सडा म्हणजे डोंगरावरचं उघडंबोडकं, सपाट कातळ. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं ऊन आदळतं.

या सड्यावर आणखी एक गोष्ट होती. तिच्यामुळे भर दिवसासुद्धा तिथे पाऊल टाकायला कुणी धजत नसे. कातळावर प्राणी कोरलेले होते. ससा, मोर, कोल्हा, रानडुक्कर, सगळे कुशीवर पडलेले, सगळ्यांची तोंडं जंगलाकडे वळलेली. ते कुणी कोरले, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ऐन उन्हाळ्यात, पावसाचा टिपूस नसतानाही, त्यांच्या डोळ्यांच्या खोबणीत ओल असायची. बोट लावून पाहिलेल्यांनी सांगितलं होतं की ती ओल कोमट लागते.

त्या कोरलेल्यांत एक साळिंदर होता. गेल्या उन्हाळ्याआधी तो तिथे नव्हता. तो साळूचा नवरा होता.

झालं होतं असं. दर उन्हाळ्यात एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य अगदी डोक्यावर उभा राहतो आणि कुणाचीच सावली पडत नाही. त्या दिवशी सकाळपासून सड्यावर पाच खेळ होत. आधी धाव, मग लांब उडी, मग दगडफेक, मग उंच उडी आणि शेवटी, बरोबर दुपारी, सड्याभोवतीची लांब फेरी. पाचही खेळांची बेरीज ज्याची सर्वांत जास्त, त्याला कातळातल्या कुणाही एकाला हाक मारून बाहेर काढता येई. गेल्या वर्षी मित्रांच्या भरीला पडून साळिंदरही गेला. उंच उडीची पाळी आली तेव्हा कडेच्या जाळ्यांतून बघणारे सगळे खो खो हसले. त्या बिचाऱ्याला ते लागलं. "मला नाही उडायचं. घरी जातो मी," असं म्हणून त्याने पाठ फिरवली. तो घरी काही पोहोचला नाही.

तेव्हापासून साळू रोज सकाळी सड्याच्या कडेपर्यंत जाई आणि हळूच हाक मारी, "अहो!" कातळावरून काट्यांची बारीक खुळखुळ ऐकू येई, आणि मग सगळं गप्प. शेजारणी म्हणत, वारा असेल गं बाई. वारा नसे. साळूला ते पक्कं माहीत होतं. घरी येऊन ती कितीतरी वेळ नुसती बसून राही, कंद पुढ्यात असले तरी तिला खावंसं वाटत नसे.

पुन्हा तो दिवस आला, तेव्हा साळू सड्यावर चढली.

त्या वर्षी तिघेच आले होते. एक साळू. दुसरा हरिण, उमदा, फांद्या फुटलेल्या शिंगांचा आणि जरा नाकाने कांदे सोलणारा. तिसरा वानर, ज्याचं तोंड क्षणभर बंद राहत नसे. मध्यभागी एक म्हातारी घोरपड बसली होती. खेळ मोजायचं काम तिचं. ती कुठून येते आणि उरलेलं वर्ष कुठे असते, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. तिच्यासमोर कातळात खळग्यांच्या तीन रांगा होत्या आणि बाजूला गुंजांचा लालभडक ढीग.

"नीट ऐका," घोरपड म्हणाली. तिचा आवाज कातळाखालून आल्यासारखा खोल होता. "इथे तुम्ही एकमेकांशी खेळत नाही. रेघांशी खेळता. प्रत्येक खेळाच्या तीस रेघा कातळात कोरल्या आहेत. जितक्या रेघा ओलांडाल तितक्या गुंजा तुमच्या खळग्यांत. कोण पहिला आला आणि कोण दुसरा, त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही."

वानराने मान वाकडी करून रेघा पाहिल्या. "घोरपडमावशी, पहिल्या रेघा लांब लांब आणि शेवटच्या इतक्या चिकटून का हो? कोरणाऱ्याचा हात थकला की काय?"

"सुरुवातीला पाऊल टाकायला कुणालाही जमतं," घोरपड म्हणाली. "जिथे पाय उचलत नाहीत तिथलं एक पाऊल जास्त मोलाचं, म्हणून तिथे रेघा दाट. आता पुढचं ऐका. उड्या आणि फेक, यांना तीन तीन संधी. निघायच्या रेघेवर पाय पडला, किंवा उंच उडीसाठी ताणलेली वेल पडली, की ती संधी गेली. तिन्ही गेल्या तर शून्य. शून्याला मी हसत नाही, शून्य बेरजेत धरते. पण जो एखाद्या खेळाला उभाच राहणार नाही, त्याची आधीची सगळी बेरीज पुसली जाते. आणि मग तो कातळाचा."

"हे भित्र्यांसाठी सांगताय ना?" हरिण हसून म्हणाला. "मी जिंकलो की त्या मोराला उठवणार आहे. माझ्या दारात नाचेल वर्षभर!"

"मावशी," साळूने विचारलं, "या रेघा कोरल्या कुणी?"

घोरपडीने जीभ एकदा बाहेर काढली आणि आत घेतली. "ते मला विचारू नकोस. आणि खेळ चालू असताना मागे वळून पाहू नकोस."

धाव सुरू झाली. वेळ मोजायला टिटवी होती. तिच्या वीस हाकांत जितकं पळाल तितकं तुमचं. टिटवी म्हणे कातळावर बसलेली होती, पण साळूने चारी दिशांना पाहिलं तरी ती दिसेना. हाका मात्र येत होत्या, कधी पुढून, कधी मागून, कधी थेट पायाखालून. हरिण सुसाट गेला आणि त्याला अठ्ठावीस गुंजा मिळाल्या. वानराला चौदा. साळू काटे सांभाळत दुडुदुडु धावली. तिच्या वाट्याला नऊ आल्या.

लांब उडीतही तीच गत. हरिण सत्तावीस, वानर सोळा, साळू चार. करवंदीच्या जाळ्यांतून हसण्याची लाट आली. "अगं, ही उडी की उचकी?" कुणीतरी ओरडलं. साळूचे कान गरम झाले, पण ती जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

मग दगडफेक आली. हरणाने खुराने दगड लाथाडला, तो जेमतेम पाच रेघा गेला. हरणाने मान झटकली, जणू हा खेळ त्याच्या दर्जाचाच नव्हता. वानराचा हात तर फेकण्यासाठीच घडलेला! पण उत्साहाच्या भरात त्याचा पाय रेघेपलीकडे पडला. एकदा पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा त्याने दगड असा भिरकावला की तो दिसेनासा झाला, आणि पाय पुन्हा रेघेपलीकडे. "शून्य," घोरपड म्हणाली. वानराने कपाळावर हात मारून घेतला. "माझ्यासारखा शहाणा मीच! बरं, पुढचा खेळ कुठला?" असा तो गडी होता, गेलं त्याचं दुःख फार वेळ धरून बसायचा नाही.

साळूने दगडाकडे पाठ केली. बीळ खणताना माती मागे उडवतात तसे मागचे पाय रोवले आणि दगड मागच्या मागे भिरकावला. बावीस गुंजा.

उंच उडीची जागा सड्याच्या पश्चिम टोकाला होती. दोन सुळक्यांमध्ये वेल ताणलेली, आणि सुळक्यावर रेघा. त्या वेलीच्या अगदी पायथ्याशी साळूचा नवरा कोरलेला होता.

ती आजवर त्याच्या इतक्या जवळ आलेली नव्हती. एकेक काटा स्पष्ट दिसत होता. कातळ तापून निखारा झालं होतं, पण त्याच्यावरून तिच्या पायांना गार झुळूक लागली. हरिण वेलीवरून सव्वीस रेघा उंच गेला, वानर अठरा. साळूसाठी वेल सगळ्यांत खालच्या रेघेवर आणली. तिने उडी मारली, वेल पडली. दुसरी उडी मारली, पुन्हा पडली. जाळ्यांतून तेच हसणं आलं, गेल्या वर्षीचंच, तसंच आणि तेवढंच. साळूच्या लक्षात आलं की हसणारी तोंडं आहेत त्यापेक्षा हसणं जास्त आहे.

तिचा धीर सुटला. तिसऱ्यांदाही जमणार नव्हतं, हे तिला उघड दिसत होतं. मग कशाला आणखी शोभा करून घ्यायची? घराकडची वाट समोर होती, जाळीतला गारवा दिसत होता. तिचा एक पाय वळलासुद्धा. तेवढ्यात खालून खुळखुळ झाली, काट्यांची, अगदी हलकी. यांनी इथेच पाय वळवला होता, तिला वाटलं. बरोबर इथे. 

ती परत फिरली, धावत गेली आणि जमेल तेवढी उडाली. वेल तिच्या काट्यांत अडकून तिच्याबरोबर खाली आली. जाळ्यांत हसून हसून मुरकुंडी वळली.

"शून्य," घोरपड म्हणाली. आणि तिने, मुलांनो, साळूच्या रांगेतला एक रिकामा खळगा शेपटीने नीट पुसला, जणू त्यातही काही ठेवलं होतं. कुणी हसलं नाही मग.

आता बेरीज ऐका, आणि बोटं मोजायची तर मनात मोजा. हरिण शहाऐंशी. वानर अठ्ठेचाळीस. साळू पस्तीस.

सूर्य डोक्यावर आला. सावल्या आखडत आखडत पायांखाली गेल्या आणि नाहीशा झाल्या. सड्यावर नुसता पांढरा उजेड उरला. जाळ्यांतले आवाज बंद पडले. अशा वेळी स्वतःच्या अंगाला हात लावून पाहावासा वाटतो, आपण आहोत की नाही म्हणून. साळूने पाहिलासुद्धा लावून.

"लांब फेरी," घोरपड म्हणाली. "टिटवीच्या तीनशे हाका. उभे राहा."

साळू उभी राहिली, वानर उभा राहिला. हरिण एका धोंड्याला टेकून बसला होता. तो उठला नाही.

"हरिणा, उभा राहा."

"कशाला?" हरिण म्हणाला. "हिशेब मलाही येतो, मावशी. वानराला तीसच्या तीस मिळाल्या तरी त्याच्या होतात अठ्ठ्याहत्तर. हिच्या होतात पासष्ट. माझ्या आत्ताच शहाऐंशी आहेत. या उन्हात खूर कशाला भाजून घेऊ?"

हिशेब चोख होता. त्यात एका गुंजेचीही चूक नव्हती.

साळूला वाटलं, बसू दे. हा उठला, नुसता दोन पावलं चालला, तरी हाच जिंकणार. मग मोर उठणार, आणि आमचे हे आणखी वर्षभर या कातळावर पडून राहणार. पुढल्या वर्षी माझे पाय असे चालतील की नाही, कुणी सांगावं? गप्प राहायचं, बस्स. ती गप्प राहिली. पण हरणाच्या बेफिकीर डोळ्यांकडे तिची नजर गेली आणि तिला राहवेना.

"भाऊ," ती म्हणाली, "पळू नका हवं तर. नुसते उभे राहा. दोन पावलं टाका आणि मग बसा. ऐका माझं."

"तुला काय पडलंय गं माझं?" हरिण हसला. "तू तुझे काटे सांभाळ."

"हरिणा, उभा राहा," घोरपड दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही. टिटवीची पहिली हाक आली.

साळू आणि वानर निघाले. वानर लांब लांब उड्या टाकत पुढे गेला, साळू मागे राहिली. दहा हाका झाल्या, वीस झाल्या. आणि मग मागून आवाज यायला लागला. टप. टप. टप. हरणाच्या रांगेतल्या गुंजा आपणहून खळग्यांतून उठत होत्या आणि एकेक करून कातळाच्या भेगेत पडत होत्या.

"अरे, माझ्या गुंजा! कोण घेतंय माझ्या गुंजा?" हरणाचा आवाज आला. मग खुरांची खरवड. "उठता का येत नाही मला? मावशी, माझे पाय बघा! मी पहिला आहे! मोजा, मोजून बघा, मी पहिला आहे!"

"मोजायला काही उरलं नाही," घोरपड म्हणाली.

त्यानंतरचा आवाज मी तुम्हाला सांगणार नाही. दगड घासल्याचा होता, एवढंच सांगतो. वानराने मागे वळून पाहिलं. नको सांगितलं होतं तरी पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो सातव्या रेघेपाशी जागच्या जागी खाली बसला, डोळ्यांवर दोन्ही हात घट्ट दाबून. 

साळूची गत काही वेगळी नव्हती. भीतीने तिचे सगळे काटे ताठ झाले होते. पण तिने मागे पाहिलं नाही. पाय थांबले तर आपणही वानराच्या शेजारी जाऊन बसू आणि मग उठणार नाही, एवढं तिला कळत होतं. ती धावत राहिली. सातवी रेघ गेली, दहावी गेली. फेरीची वाट कोरलेल्या प्राण्यांच्या मधून जात होती, आणि ती जवळून जाई तसतसे त्यांचे डोळे तिच्याबरोबर वळत होते. ससा कुजबुजला, "थांब ना जरा." मोर म्हणाला, "मला ने." आणि पश्चिम टोकाला आली तेव्हा ओळखीचा आवाज म्हणाला, "दमलीस गं. बैस इथे माझ्याजवळ."

किती गोड वाटला तो आवाज तिला! वर्षभर तोच तर ऐकायचा होता. तिचे डोळे भरून आले. "बसायला नाही आले मी, न्यायला आलेय," ती धापा टाकत म्हणाली आणि त्याला ओलांडून पुढे गेली.

पंधरावी रेघ गेली. इथून पुढे रेघा दाट होत्या. तळपाय सोलून निघाले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. टिटवी दोनशे नव्वदवर होती. एक पाऊल, एक रेघ. आणखी एक पाऊल, आणखी एक रेघ. शेवटच्या हाकेला साळू नाकावर आपटली, आणि तिचं नाक एकविसाव्या रेघेच्या पलीकडे पडलं.

घोरपड सावकाश सरपटत आली. तिने जिभेने रेघ चाटून पाहिली, मग वानरापाशी जाऊन तिथली रेघ चाटली.

"वानर, अठ्ठेचाळीस आणि सात, पंचावन्न," ती म्हणाली. "साळू, पस्तीस आणि एकवीस, छप्पन्न. मार हाक."

साळू सरपटत पश्चिम टोकापर्यंत गेली आणि तिने रोज मारायची तशीच हाक मारली, "अहो!"

कातळ तडकलं. आधी काटे वर आले, मग पाठ, मग धुळीने माखलेलं तोंड. साळिंदर उभा राहिला. त्याचं अंग इतकं गार होतं की साळूने नाक लावल्यावर पटकन मागे घेतलं, आणि मग पुन्हा लावलं.

"अजून हसतायत का गं माझ्यावर?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"हसू देत," साळू म्हणाली. "मलाही तिथे शून्यच मिळालं. चला घरी."

सूर्य कलला होता आणि सगळ्यांच्या सावल्या परत आल्या होत्या. घोरपड कुठेच दिसत नव्हती. वानर मान खाली घालून त्यांच्या मागोमाग उतरत होता. सड्याच्या कडेला हरिणी उभी होती. सकाळपासून ती जाळीत होती, पण दुपारचा तो पांढरा उजेड पडला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. आता ती टाचा उंचावून कातळाकडे पाहत होती.

"साळूबाई, आमचे हे कुठे राहिले?" तिने विचारलं. "किती मिळाल्या त्यांना?"

साळूला तिच्याकडे बघवेना. धोंड्याजवळच्या कातळावर फांद्या फुटलेली शिंगं कोरलेली दिसत होती, आणि त्यांच्याखाली एक डोळा, ओला.

"सगळ्यांत जास्त मिळाल्या होत्या, बाई," साळू म्हणाली.

"मग?"

"शेवटच्या फेरीला उभे राहिले नाहीत."

तात्पर्य : मिळालेलं शून्यही बेरजेत मावतं, पण शेवटच्या खेळाला पाठ फिरवली तर आधीचं सगळं मिळवलेलं पुसून जातं.